कागदावरची गाडी

शाळेतल्या वहीचं शेवटचं पान आठवून पाहा. गणिताचा तास चालू आहे, मास्तर फळ्याकडे वळले आहेत, आणि इकडे पेन्सिलीने एक मोटार आकार घेते आहे. लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, आणि वेग दिसावा म्हणून चाकांच्या मागे ओढलेल्या चार रेघा. मी स्वतः अशा किती मोटारी काढल्या असतील त्याचा हिशेब नाही. त्या सगळ्यांत एक गोष्ट मात्र सारखी होती. आत कोणी बसलेलं नसे. खिडक्या काळ्या करून टाकल्या की काम भागलं. आजीने या गाडीत चढायचं कसं, ट्रंक ठेवायची कुठं, असले प्रश्न त्या वयात पडत नाहीत.

श्रोतेहो, पुढे मोठे झाल्यावरही ज्यांनी ही चित्रं काढणं सोडलं नाही, अशा काही विद्यार्थ्यांची हकीकत आज मला आपल्याला सांगायची आहे. ‘कागदावरची गाडी’ हा शब्द आपण जरा हेटाळणीनेच वापरतो. कागदावरच्या योजना, कागदावरचे पूल, तशीच ही गाडी. पण विद्यार्थ्यांनी कागदावर काढलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं, याचा मागोवा घेतला तर काही निराळंच हाती लागतं.

सुरुवात करावी लागेल ती अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरापासून. तेथे फिशर नावाच्या भावांचा मोटारींचे सांगाडे, म्हणजे बॉडी, बनवण्याचा मोठा कारखाना होता. हे सात भाऊ. त्यांचं घराणं मूळचं घोडागाड्या बांधणाऱ्यांचं. त्यांचा कारखाना पुढे जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीत सामील झाला. १९३० साली या कारखान्याने शाळकरी मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. नेपोलियनच्या शाही बग्गीची छोटी प्रतिकृती मुलांनी स्वतःच्या हाताने बनवायची. लाकूड कोरायचं, धातू ठोकायचा, आतल्या गाद्या शिवायच्या, दारं उघडली-मिटली पाहिजेत, चाकं फिरली पाहिजेत. बक्षीस साधंसुधं नव्हतं. पहिल्या वर्षीच्या मोठ्या शिष्यवृत्त्या पाच पाच हजार डॉलरच्या होत्या. मंदीचे दिवस ते. तेवढ्या पैशांत मुलाचं सगळं विद्यापीठातलं शिक्षण होत असे.

१९३७ पासून या स्पर्धेत बग्गीबरोबर मोटारीचाही विभाग आला. ही मोटार मात्र कशाची नक्कल नव्हे. ‘उद्याची मोटार तुम्हाला कशी दिसते ती करून दाखवा’ असं आव्हान होतं. हजारो घरांच्या तळघरांत आणि गॅरेजांत मुलं फूटभर लांबीच्या मोटारी कोरू लागली. महायुद्धाच्या वर्षांतला खंड सोडला तर ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. १९४७ साली तिच्यात पहिला आलेला चार्ल्स जॉर्डन नावाचा मुलगा जनरल मोटर्समध्ये नोकरीला लागला आणि चाळीस वर्षांनी त्या कंपनीच्या संपूर्ण डिझाइन खात्याचा प्रमुख झाला. असे आणखी कितीतरी जण या स्पर्धेतून त्या धंद्यात आले. मुलींना मात्र तीत प्रवेश नव्हता. मोटार हा मुलग्यांचा विषय, ही त्या काळाची समजूत.

त्या फूटभर मोटारींचे फोटो आजही पाहायला मिळतात. कारागिरी पाहून थक्क व्हायला होतं. रंग आरशासारखा, रेषा पाण्यासारख्या. पण बहुतेक गाड्या आतून भरीव! काचेच्या जागी रंगवलेलं लाकूड. आपल्या वहीतल्या मोटारीसारखीच, आत बसायला जागा नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे जे वाढून ठेवलं होतं तेच त्यांनी घेतलं. त्या काळी डेट्रॉइटच्या खऱ्याखुऱ्या गाड्याही दरवर्षी नवा पोशाख करून बाजारात येत. १९५९ च्या कॅडिलॅक गाडीला तर मागे माशाच्या परांसारखे दोन उंच पंख होते. त्या पंखांनी गाडी उडत नव्हती आणि आतल्या माणसालाही त्यांचा उपयोग नव्हता.

आता आपण अटलांटिक महासागर ओलांडून जर्मनीत जाऊ. दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदीकाठी उल्म नावाचं गाव आहे. तेथल्या टेकडीवर, महायुद्धाच्या राखेतून, एक आगळी शाळा उभी राहिली. तिची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. हान्स आणि सोफी शोल ही भावंडं म्युनिक विद्यापीठात शिकत होती. हिटलरशाहीविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून १९४३ च्या फेब्रुवारीत त्या दोघांचा शिरच्छेद करण्यात आला. युद्ध संपल्यावर त्यांची बहीण इंगे हिने भावंडांचं स्मारक उभारायचं ठरवलं. तिने पुतळा नाही उभारला, शाळा काढली. ओट्ल आयखर आणि माक्स बिल या दोघांच्या साहाय्याने १९५३ साली ही डिझाइनची शाळा सुरू झाली. ज्या देशाने भपक्याच्या, झेंड्यांच्या आणि घोषणांच्या नादात सर्वनाश ओढवून घेतला, त्या देशात रोजच्या वापराच्या वस्तू तरी साध्या, प्रामाणिक आणि माणसाच्या कामाच्या असाव्यात, ही त्यामागची तळमळ होती.

या शाळेशी आपला, म्हणजे रेडिओ ऐकणाऱ्यांचा, एक धागा आहे. ब्राउन या जर्मन कंपनीच्या रेडिओंना पन्नाशीच्या दशकात जे साधं, कोरंकरकरीत रूप आलं, त्यात उल्मच्या मास्तरांचा मोठा वाटा होता. तोवर रेडिओ म्हणजे नक्षीचं कपाट असे. उल्मचे एक शिक्षक हान्स गुगेलोट आणि ब्राउनमधले तरुण डीटर राम्स यांनी १९५६ साली केलेल्या रेडिओ-ग्रामोफोनला पारदर्शक झाकण होतं, आणि बटणं जिथं हात जातो तिथंच होती. याच गुगेलोटांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर हॅम्बुर्गच्या भुयारी रेल्वेचे डबेही आखले. दार किती रुंद हवं, उभ्या माणसाने हात कशाला धरायचा, बाक कसा पुसून काढता येईल, हे प्रश्न त्यांनी आधी मांडले आणि डब्याचा आकार मागून आला.

उल्मची शिकवण थोडक्यात सांगायची तर अशी: पेन्सिल हातात घेण्याआधी माणूस पाहा. तो किती उंच आहे, त्याचा गुडघा कुठं अडतो, त्याच्या हातात काय आहे, तो दिवसातून किती वेळा चढतो-उतरतो. मोजा, लिहून काढा, मग आखा. आपल्याकडचा चांगला शिंपी अंगाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, तशातलीच ही गोष्ट. पण मोटारीच्या धंद्यात त्या काळी कापड आधी कापून माणसाला त्यात कोंबण्याची रीत होती.

या शाळेत १९६० च्या सुमारास इटलीहून एक तरुण आला. पिओ मान्झू त्याचं नाव. जन्म १९३९ चा, बेर्गामो गावचा. त्याचे वडील जाकोमो मान्झू हे इटलीतले नामांकित शिल्पकार. रोममधल्या सेंट पीटर चर्चची ‘मृत्यूचे द्वार’ म्हणून ओळखली जाणारी ब्राँझची भव्य दारं त्यांनी घडवली. ती १९६४ साली बसवली गेली. मुलाला मात्र वेड होतं मोटारींचं. शिल्पकाराच्या घरात वाढलेल्या या मुलाच्या बोटांत आकाराची जाण असणारच. उल्मने त्या बोटांना प्रश्न विचारायला शिकवलं.

त्याच सुमारास मोटारींच्या एका स्विस वार्षिकाने एक स्पर्धा घेतली. गाडीची नवी आखणी पाठवायची, आणि जिंकणाऱ्याची गाडी इटलीतल्या तुरीनच्या पिनिनफारिना या विख्यात कारखान्यात प्रत्यक्ष पत्र्यात घडवली जायची. पिओ मान्झू, मिखाएल कोनराड आणि हेन्नर वेर्नर या उल्मच्या तिघा विद्यार्थ्यांनी स्पर्धेत भाग घेतला आणि ती जिंकली. ऑस्टिन-हीली या इंग्लिश गाडीच्या सांगाड्यावर त्यांची आखणी १९६२ साली उभी राहिली. त्या पोरांना काय वाटलं असेल, कल्पना करा. काल जी रेघ खोडरबराने पुसता येत होती, ती आज पोलादाची झाली. तिच्यावर हात फिरवावा, दार उघडावं, आणि आत बसावं!

तरी ही गाडी वेगाच्या शौकिनांसाठीच होती. रूप साधं, डौलदार, पंख-बिंख नाहीत. पण घरच्या माणसांना तिच्यात जागा नव्हती. उल्मच्या टेकडीवर जे शिकवलं जात होतं, त्याला खरं उत्तर या गाडीने दिलं नव्हतं. मान्झू आणि कोनराड यांना ते जाणवलं असावं, असं त्यांच्या पुढच्या कामावरून मला वाटतं.

शाळेतून बाहेर पडता पडता या दोघांनी फ्रिट्झ बुश नावाच्या मोटारपत्रकाराला हाताशी धरलं आणि ‘आउटोनोव्हा’ नावाने दोन गाड्या आखल्या. पहिली पुन्हा धावण्याच्या हौसेची होती, ‘जीटी’. दुसरीचं नाव ‘फाम’, म्हणजे कुटुंबाची. ती १९६५ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात मांडली गेली. लोकांनी पाहिलं ते विचित्रच. पुढे लांब नाक नाही, मागे डिकीचा डबा नाही. सगळी मिळून एकच खोली, चाकांवर ठेवलेली. समोरची काच मोठी आणि तिरकी. बाहेरून आखूड, पण आत ऐसपैस. बाकांची मांडणी गरजेप्रमाणे बदलता यायची. कधी माणसं जास्त, कधी सामान जास्त. कागदावर आधी बसलेली माणसं काढली आणि मग त्यांच्याभोवती पत्र्याची रेघ ओढली, असं ती पाहताना वाटतं.

कौतुक झालं. वर्तमानपत्रांतून फोटो छापून आले. पण एकाही कारखान्याने ती गाडी बनवायला घेतली नाही.

इथे कारखान्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, नाहीतर आपण विद्यार्थ्यांच्या प्रेमात पडून अन्याय करू. नवी गाडी काढायची म्हणजे पत्रा दाबण्याचे अवाढव्य साचे करावे लागतात. यंत्रांची रांग बदलावी लागते. एवढं करून ती खपली नाही तर हजारो कामगारांच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो. कागदावर रेघ चुकली तर कागद फुकट जातो, साच्यात चुकली तर कारखाना बसतो. शिवाय गिऱ्हाइकाचं मन! घरची गाडी दूध पोचवणाऱ्या व्हॅनसारखी दिसली तर शेजारी काय म्हणतील? विद्यार्थ्याला या चिंता नसतात, म्हणून तर त्याला तसला प्रश्न विचारता येतो. आणि विचारून तो घरी जातो, उत्तराचा खर्च दुसऱ्याच्या माथी असतो. ‘कागदावरची गाडी’ या शब्दातली हेटाळणी इथून येते, आणि ती अगदीच खोटी नाही.

पण पिओ मान्झू प्रश्न विचारून घरी गेला नाही. तो फियाट या इटलीतल्या सर्वांत मोठ्या मोटारकारखान्यासाठी काम करू लागला. १९६८ च्या तुरीन प्रदर्शनात त्याची आखलेली एक टॅक्सी झळकली. छोट्या फियाट ८५० गाडीच्या यंत्रावर बेतलेली. उतारूंसाठी फूटपाथच्या बाजूला सरकतं दार, आणि ते ड्रायव्हरने आपल्या जागेवरून उघडायचं. ड्रायव्हरशेजारची बैठक दुमडली की तिथं सामान ठेवता यायचं, म्हणजे बॅग उतारूच्या डोळ्यांसमोर राही. उतारू बसायचे मागे, तिघे, पाय मोकळे सोडून. वडिलांनी चर्चची दारं घडवली होती. मुलाने चार वर्षांनी टॅक्सीचं दार घडवलं.

मुंबईकर श्रोत्यांना यातलं मर्म लगेच कळेल. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट, जिचं नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झालं, ती काळ्यापिवळ्या रंगात मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावली. तिच्यावर आपण सगळ्यांनी जीव लावला. पण ती मुळात घरची गाडी होती, टॅक्सी म्हणून आखलेली नव्हती. दादरला गाडीतून उतरलं की होल्डॉल टपावरच्या कॅरियरवर चढवा, दोरी बांधा, म्हाताऱ्या माणसाने पाठीत वाकून आधी डोकं घालायचं की पाय हे ठरवा, आणि वाहनं धावताहेत त्या बाजूचं दार चुकून उघडू नका. ही कसरत आपण वर्षानुवर्षं केली आणि तिला नशीब म्हटलं. मान्झूची टॅक्सी हे नशीब नव्हे, आखणीतली उणीव आहे, असं सांगत होती. ती टॅक्सीही नमुन्यापुरतीच राहिली.

मग फियाटने एक नवी छोटी गाडी काढायची ठरवली. साऱ्या इटलीला परवडेल, साच्यात बसेल, नफ्यात जाईल अशी. तिच्या बाह्यरचनेचं काम मान्झूकडे आलं. इथे अटी कडक होत्या. यंत्र इंजिनिअर देतील ते, लांबी ठरलेली, किंमत ठरलेली. या अटींच्या पिंजऱ्यात मान्झूने उल्मचा जुना प्रश्न पुन्हा मांडला: एवढ्याशा लांबीत माणसांना जास्तीत जास्त जागा कशी द्यायची? इंजिन आडवं बसवलं होतं आणि ते पुढची चाकं फिरवत होतं, त्यामुळे नाक आखूड ठेवता आलं. उरलेली लांबी माणसांच्या आणि सामानाच्या वाट्याला आली. बाहेरची रेघ स्वच्छ, एका दमात ओढलेली, दागिना कुठं नाही.

१९६९ च्या मे महिन्यात या गाडीचा नमुना वरिष्ठांना दाखवायचा होता. त्यासाठी मान्झू स्वतः गाडी चालवत तुरीनकडे निघाला, आणि वाटेतच अपघातात गेला. वय वर्षं तीस. ज्या रस्त्यावरच्या माणसाची काळजी त्याने दहा वर्षं कागदावर वाहिली, त्याच रस्त्याने त्याला नेलं.

त्याच्या आधी काही महिने, १९६८ च्या अखेरीस, उल्मची शाळाही बंद पडली होती. आतले मतभेद, बाहेरून सरकारी पैशाची कपात, आणि शेवटी दाराला कुलूप. पंधरा वर्षांचं तिचं आयुष्य. शाळाही गेली आणि विद्यार्थीही गेला.

गाडी मात्र आली. सहकाऱ्यांनी काम पुरं केलं आणि १९७१ साली ‘फियाट १२७’ बाजारात उतरली. १९७२ साली तिला युरोपातली वर्षातली उत्तम गाडी म्हणून मान मिळाला. ती लाखोंनी खपली. स्पेनमध्ये ती बनली, तिच्यावर बेतलेली गाडी ब्राझीलमध्ये बनली. शिक्षक, कारकून, पोरंबाळं घेऊन समुद्रावर निघालेली कुटुंबं तिच्यात बसली. त्यांतल्या किती जणांना पिओ मान्झू हे नाव ठाऊक असेल? आणि ‘फाम’चं काय झालं? १९८४ साली फ्रान्सच्या रेनो कंपनीने ‘एस्पास’ नावाची, एकाच खोलीची, बैठका हलवता येणारी कुटुंबाची गाडी बाजारात आणली. ती ‘फाम’ची नक्कल होती असा माझा दावा नाही. पण फ्रँकफुर्टला ज्या रूपाला लोक विचित्र म्हणाले, त्या रूपाच्या गाड्या वीस वर्षांनी युरोपभर दिसू लागल्या आणि कोणालाही लाज वाटली नाही.

उल्मचा धागा आपल्या दाराशीही येऊन पोचला आहे. पवईच्या आय.आय.टी.त १९६९ साली, म्हणजे मान्झू गेला त्याच वर्षी, औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं. त्याच्या उभारणीत ज्यांचा मोठा हात, ते सुधाकर नाडकर्णी उल्मच्याच शाळेत शिकून आलेले. आज त्या केंद्रात वाहनांच्या डिझाइनचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. जगात इतरत्रही विद्यार्थी हे काम करीत आहेत. हॉलंडमधल्या आइंडहोवेनच्या विद्यार्थ्यांनी २०१३ साली उन्हावर चालणारी ‘स्टेला’ नावाची गाडी केली आणि ती ऑस्ट्रेलियात डार्विनपासून अॅडलेडपर्यंत, तीन हजार किलोमीटर चालवून आपल्या गटात पहिली आणली. सूर्यावर चालणाऱ्या गाड्या तोवर बहुधा एकट्या चालकापुरत्या, शवपेटीसारख्या चपट्या असत. स्टेलात चार माणसं बसत होती. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: आत कोण बसणार?

हा प्रश्न आपल्याकडे जेवढा तातडीचा आहे तेवढा क्वचितच कुठे असेल. आपल्या रस्त्यावर रिक्षात सहा मुलं दप्तरांसह कोंबून शाळेत जातात. भाजीवाली पहाटे पाट्या घेऊन टेम्पोच्या फळीवर बसते. एस.टी.ची पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते आणि म्हातारं माणूस कंडक्टरच्या हाताची वाट पाहत उभं राहतं. यांची मापं घ्यायला कोणी गेलं आहे का? वाहनाची आखणी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी – आणि आता यात मुलीही आहेत, ही आनंदाची गोष्ट – चकचकीत शर्यतीच्या गाड्यांची चित्रं जरूर काढावीत. तीही हौस असते आणि त्या हौसेतूनच हात तयार होतो. मान्झूचाही तसाच झाला. पण एखादं चित्र त्या पायरीचंही काढावं. आणि काढून थांबू नये. साच्याचा खर्च, पत्र्याची जाडी, मालकाचा नकार या सगळ्यांतून ते न्यायला माणूस लागतो, आणि तो बाहेरून येत नाही.

घरात एखादं मूल वहीच्या शेवटच्या पानावर मोटार काढताना दिसलं तर रागावू नका. शेजारी बसा आणि एवढंच विचारा, ‘यात आजी कुठं बसणार रे?’ ते जरा वेळ विचार करील. मग खोडरबर घेईल आणि काळी केलेली खिडकी पुसायला लागेल.